शिनोळीच्या दगडापर्यंत: एका टाचेच्या नोंदी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

काम: बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या घरापासून वेंगुर्ला रस्त्यानं महाराष्ट्रातल्या शिनोळीपर्यंत पळत जायचं, हद्दीपलीकडच्या पहिल्या मराठी अक्षरांच्या किलोमीटरच्या दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. माझ्या घड्याळात येऊन-जाऊन एकवीस किलोमीटर.
मुदत: थंडी संपायच्या आत.
सध्याची स्थिती: बंद.

आज सुळग्याच्या पुढं थांबले आणि लंगडत घरी आले. डावा पाय. टाचेच्या हाडावर चार बोटं सोडून मागची जाड शीर (डॉक्टरी भाषेत अकिलीस टेंडन), तिथंच. गेले आठ-दहा दिवस असं चाललंय: सुरवातीला दुखतं, दोन किलोमीटर झाले की विसरायला होतं, आणि घरी येऊन बसून उठलं की मगाचा हिशेब व्याजासकट. सकाळी अंथरुणातनं उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून. चिमटीत धरून बघितली तर उजवीपेक्षा जाड लागते.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हायड्रॉलिकचे सुटे भाग मोजायचे, कार्डावर आकडा टाकायचा, सही करायची. पार्ट बिघडला की आमच्याकडं पहिला प्रश्न एकच असतो: काय बदललं होतं? तोच प्रश्न स्वतःला विचारून बसले. दसऱ्यानंतर नवे बूट घेतले. जुन्यात टाच बोटांपेक्षा दहा मिलिमीटर वर होती, यात चार. त्याच पंधरवड्यात आठवड्याचे किलोमीटर १८ वरनं ३२ वर नेले. त्याच पंधरवड्यात येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ दोनदा. एकावेळी तीन सेटिंग बदलणाऱ्या ऑपरेटरला मी स्वतः बोल लावलेत.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. उकडलेली रताळी, शेंगदाण्याची आमटी. पळणं बंद, तिसरा दिवस.

सासूबाई खूश. "बरं झालं की. देवानंच पाय धरला बघ तुझा. आता तरी जरा घरात थांब."

शेजारचे सुभेदार काका मराठा लाईट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेत. कंपाउंडवरनं विचारतात, "काय वहिनी, सिक रिपोर्ट काय?"

सोमवार, १८ नोव्हेंबर

आठ दिवस पूर्ण विश्रांती घेतली. शीर शांत झाली म्हणून काल दोन किलोमीटर पळून बघितलं आणि होती तिथंच आले. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं गेले.

मॅडमनी आधी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का. काही गोळ्या, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या, या शिरेला त्रास देतात म्हणे. मी घेतलं नव्हतं. मग पालथं झोपवून शीर दाबली, एका पायावर टाच उचलायला लावली. उजव्यावर बावीस वेळा, डाव्यावर सात.

मला वाटत होतं, विश्रांती म्हणजे औषध. मॅडमचं म्हणणं वेगळं. या शिरेला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळं ती सावकाश भरते. नुसतं बसून दुखणं कमी होतं खरं, पण शीर आहे त्याहून कच्ची होते, आणि परत पळायला गेलं की पहिले पाढे पंचावन्न. तिला वजन पेलायला लावायचं, पण मोजून.

व्यायाम असा: पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं. चांगल्या पायानं वर जायचं, वर गेल्यावर वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. पंधरा वेळा, तीनदा, गुडघा ताठ ठेवून. मग तेवढंच गुडघा वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी. बारा आठवडे.

दिवसाला १८०. बारा आठवड्यांचे मी तिथंच बोटांवर काढले: १५,१२०. मॅडम हसल्या.

या व्यायामामागची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. होकान आल्फ्रेडसन म्हणून स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर. स्वतः पळणारे, आणि स्वतःचीच ही शीर दुखत होती. त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगितलं, ऑपरेशन करा. वरिष्ठ म्हणाले, एवढ्याशा दुखण्याला ऑपरेशन नाही, आणि तुला तेवढी रजाही देता येणार नाही. मग यांनी ठरवलं की शीर पार बिघडवूनच दाखवायची, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. दुखेल तसा व्यायाम रोज रेटला. शीर बिघडायची सोडून बरी झाली. पुढं त्यांनी पंधरा पळणाऱ्यांकडून तोच व्यायाम बारा आठवडे करून घेतला, ते पंधराही जण पुन्हा पळायला लागले, आणि १९९८ साली ते छापून आलं.

रजा न मिळाल्यामुळं सापडलेला इलाज. मला ही गोष्ट फारच आवडली. उद्यमबागेत कुणालाही पटेल.

दुखण्याचा नियमही मिळाला. शून्य ते दहा मोजायचं. व्यायाम करताना पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. म्हणजे सकाळचा आकडा महत्त्वाचा. आमच्याकडं भोक तपासायला गो-नो गो गेज असतो: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, बाकी चर्चा नाही. तसंच करते. पहिल्या दहा पावलांचा आकडा तीन किंवा कमी: त्या दिवशीचं काम करायचं. चार-पाच: फक्त पायरी. सहा: काही नाही. नवे बूट कपाटावर, जुने खाली.

बुधवार, २० नोव्हेंबर

पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून सुरवात केली. दहाव्यालाच सासूबाई.

"उंबऱ्यावर उभी राहून काय करालीस? लक्ष्मी यायची वाट हाय ती."

आल्फ्रेडसनची गोष्ट त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. परसदारी गेले. तिथं बंबाशेजारी दगडी पायरी आहे, एका बाजूला न्हाणीघराची भिंत, धरायला बरी.

सकाळचा आकडा: ५.

मंगळवार, ३ डिसेंबर

आकडा ३, तोही सलग तिसऱ्या दिवशी. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दहा वेळा. घड्याळाला ते पळणं वाटलंच नाही, त्यानं 'चालणे' म्हणून नोंदवलं.

बंगालच्या उपसागरातल्या वादळानं ढगाळलंय, थंडी गायब. भाताची मळणी उरकायची घाई सगळीकडं.

सोमवार, ९ डिसेंबर

कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन आजपासून इथं. सुवर्णसौध हलग्याकडं असला तरी बंदोबस्त सगळ्या शहरभर. व्हॅक्सिन डेपोकडं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यामुळं पोलीस. एरवी त्या झाडांखाली सकाळी फिरणाऱ्यांची जत्रा असते. संध्याकाळी दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं करायला तिथं जाणार होते, ते राहिलं. गल्लीतच केलं, कुत्र्यांच्या देखरेखीखाली.

सोमवार, १६ डिसेंबर

खोबरेल थिजलं. आमच्या घरात थंडी त्या दिवशी सुरू झाली असं धरतात, फोन काहीही म्हणू दे. (फोन म्हणतो १२.)

पावणेसहाला गजर झाला, आणि वाकळीतनं पाय बाहेर काढायची इच्छा अजिबात झाली नाही. आकडा बघायला तर उठावं लागतं, म्हणून आकडाच बघू नये असं वाटलं. फोनवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता, उठा, जिंका, थांबू नका, मागं ढोल. असलं ऐकलं की मी वाकळ आणखी वर ओढते.

उठले ते बंबामुळं. सासूबाई पाचला बंब पेटवतात. परसदारी सगळीकडं दव, पण बंबाच्या बाजूला पायरी ऊबदार. पोटऱ्यांना धग लागते. गार शीर ताणायला जिवावर येतं, तिथं ती पाच मिनिटांत मऊ येते. मुलीच्या जुन्या दप्तरात पाच किलो तांदूळ भरून पाठीवर घेतले, मॅडमनी सांगितलंच होतं वजन वाढवायला. पंचेचाळीस ताठ, पंचेचाळीस वाकवून. तोवर पाणी तापलेलं.

पायरी बंबाजवळ आहे हा निव्वळ योगायोग. उंबऱ्यावरच राहिली असती तर आज मी केली नसती, हे मला माहीत आहे.

गुरुवार, २६ डिसेंबर

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, ते इथं, टिळकवाडीत. त्याची आठवण म्हणून दिल्लीचे सगळे मोठे लोक गावात आणि रस्त्यारस्त्यावर रोषणाई.

राजकारण बाजूला, माझी सोय झाली. थंडीतली माझी खरी अडचण अंधार आहे, गारठा नंतर. साडेआठला पंच करायचं, सूर्य सातला, मग पळायचं कधी? एकट्या बाईनं काळोखात वेंगुर्ला रस्त्याला पळू नये असं घरचे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही धीर होत नाही. गेले दोन दिवस मात्र कामावरनं सुटल्यावर पहिल्या रेल्वे गेटजवळ स्कूटर लावते आणि काँग्रेस रोडच्या दिव्यांखाली पळते. आज सलग तीन किलोमीटर. सलग! सात आठवड्यांनी.

शुक्रवार, २७ डिसेंबर

रात्री मनमोहन सिंग गेले. आजचे कार्यक्रम रद्द. कामावर सगळे त्याबद्दलच बोलत होते. आकडा २.

रविवार, २९ डिसेंबर

आकडा २. म्हणून उजाडल्यावर वेंगुर्ला रस्त्याला गेले. चूक इथपर्यंत काहीच नाही.

धुकं दाट. मी रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरनं येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून, नेहमीसारखी. समोरनं एकच दिवा येत होता. मोटारसायकल समजून मी एक पाऊल आत सरले. जवळ आल्यावर दिसलं, ट्रॅक्टर होता, एक दिवा गेलेला, मागं दोन ट्रॉल्या आणि दोन्ही अंगांनी हातहातभर बाहेर आलेला ऊस. कारखान्याचा हंगाम आहे, रात्रभर ही वाहतूक चालते, हे मला बारा वर्षं माहीत आहे. उसाची पानं खांद्याला घासून गेली. मी चरात उडी घेतली. डाव्या पायाची बोटं पलीकडच्या बांधावर आणि टाच खाली, रिकाम्यात. पायरीवर हळू करतो तेच, पण सगळं वजन एकदम.

चालकाला कळलंही नसेल. त्याचं गाणं फार मोठ्यानं चालू होतं.

मागनं येणाऱ्या दूधवाल्यानं घरी सोडलं. शीर तुटली नाही, हे मॅडमनी संध्याकाळी पोटरी दाबून पाऊल हलतंय बघून सांगितलं. बाकी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सोमवार, ३० डिसेंबर

६.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मधले सहा दिवस वहीत काही नाही. आकडाही नाही. बूट पलंगाखाली ढकलले. कामावर स्टुलावर बसून मोजमाप केलं आणि कुणी पळण्याबद्दल विचारलं तर विषय बदलला. लोक समजूत घालतात तेव्हा जास्त राग येतो. "वयाप्रमाणं चालावं," असं एक जण म्हणाला. मी त्रेचाळीस आहे, त्याचं पोट माझ्यापेक्षा वयस्कर दिसतं.

आज सकाळी चूळ भरायला परसदारी गेले. सासूबाई बंबात लाकूड सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"आठ दिस झालं, पायरी नाही काय?"

"दुखतंय, आई."

"मग मला पाणी तापलेलं कसं कळंल? तुझी पायरी झाली की मी पाणी काढतो. आता रोज उकळून जालंय."

मी बघतच राहिले. महिनाभर त्या माझ्या मोजण्यावर बंब चालवत होत्या. पंचेचाळीस ताठ, पंचेचाळीस वाकवून, की लाकूड मागं ओढायचं.

आकडा ४ होता. नियमाप्रमाणं चारला पायरी चालते. दप्तराशिवाय, दोन्ही पायांवर, एकदाच. सासूबाईंनी पाणी काढलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या पोळ्या, बाजरीची भाकरी, लोणी. आकडा ३.

आजपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात. मी वहीत सूर्योदय लिहिते, त्यामुळं मला एक तक्रार नोंदवायची आहे. १० नोव्हेंबरला आपल्याकडं सूर्य साधारण ६.३२ ला उगवत होता. २२ डिसेंबरला, सगळ्यात लहान दिवशी, ६.५५ ला. आज ७.०३ ला. दिवस वाढतोय हे खरं, पण सगळा वाढतोय संध्याकाळच्या टोकाला. सकाळ अजून मागंच सरकते आहे, आणि जानेवारीचा तिसरा आठवडा सरेपर्यंत सरकत राहणार. सकाळी पळणाऱ्याचा सगळ्यात वाईट महिना डिसेंबर असतो असं मी इतकी वर्षं समजत होते.

याचा उपयोग झाला. अंधार मनातला नाही, घड्याळातला आहे म्हटल्यावर वेळापत्रक हलवलं. पायरी सकाळी, बंबाजवळ. पळणं संध्याकाळी सुटल्यावर.

शुक्रवार, १७ जानेवारी

हुतात्मा दिन. सीमालढ्यातल्या १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन. स्कूटरवरनं जाताना थांबले, फुलं वाहिली. आजोबांच्या वेळेपासून घरातलं कुणीतरी जातंच, यंदा मी.

संध्याकाळी दोन किलोमीटर. आकडा २.

रविवार, १९ जानेवारी

मुंबई मॅरेथॉन टीव्हीवर. आमच्या शॉपमधला एक पोरगा हाफला गेलाय, सकाळपासून फोटो पाठवतोय. जळफळाट झाला, लिहून ठेवते. मग तीन किलोमीटर केले, जळफळाटानं वेग वाढतोय असं दिसल्यावर मुद्दाम चालले.

गुरुवार, ३० जानेवारी

सोबत मिळाली. गणेशपूरच्या एक अक्का आहेत, बँकेतनं निवृत्त, घरात कन्नड, माझ्याशी आपलं बेळगावी मिश्रण. गुडघा एकदा ऑपरेट झालेला. त्यांचा वेग इतका कमी की आधी मला लाज वाटायची, आता तोच माझा वेग. मिलिटरी महादेवापासून कॅम्पातल्या रस्त्यांनी दोघी जातो. दिवे आहेत, जुनी झाडं आहेत, वाहनं कमी. मी जरा सुटले की मागनं आवाज येतो: "निधान, निधान! गडबड नको."

आज शिफ्ट उशिराची, म्हणून पहाटे गेलो होतो. धुक्यात काही दिसत नव्हतं, नुसता आवाज: शंभरेक बूट एकदम पडतात, मग एक उस्ताद ओरडतो, मग पुन्हा बूट. मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरचे रिक्रूट. धुक्यातनं पोरं बाहेर आली, अठरा-एकोणीसची, नाकातनं वाफा, कान लाल. सगळ्यात मागचा एक लंगडत होता. त्याच्या बाजूनं दुसरा एक जण, काही न बोलता, त्याच्या वेगानं. दोघं आमच्या शेजारनं गेले आणि परत धुक्यात. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

पाच किलोमीटर.

सोमवार, १० फेब्रुवारी

बारा आठवडे काल संपले. चौऱ्याऐंशी दिवसांतले बारा बुडाले, उरले बहात्तर. त्यातला पहिला आठवडा आणि पडल्यानंतरचा आठवडा कमी केला होता, तरी बारा हजारांच्या वर. दप्तरात आता आठ किलो तांदूळ.

मॅडमकडं गेले. एका पायावर टाच उचलणं: उजव्यावर बावीस, डाव्यावर एकोणीस. गाठ अजून हाताला लागते. ती कदाचित राहील म्हणाल्या, दुखत नसेल तर लक्ष देऊ नका. पायरी आठवड्यातनं तीनदा चालू ठेवा.

मी विचारलं, एकवीस?

त्या म्हणाल्या, "या थंडीत नाही." पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या, मी वाद घालणार म्हणून. मी घातला नाही. ड्रॉइंगवरचं माप बदलायचं तर डेव्हिएशन नोट काढावी लागते, मग पार्ट रिजेक्ट होत नाही. काढली. सुधारित काम: शिनोळीपर्यंत एकेरी, साडेदहा, मध्ये चालायला परवानगी. परत बसनं. पुढचं पुढच्या थंडीत.

सासूबाईंना सांगितलं पायरी आता एकाआड एक दिवस. "मग मी काय करू?" म्हणाल्या. रोजच करते.

रविवार, २३ फेब्रुवारी

आकडा १. सूर्योदय ६.५३. थंडी सरत आली, बंबाजवळ उभं राहवत नाही. धुकं नाही. काजूला मोहोर, सुळग्यापुढं वास येत होता.

घरातनं निघताना सुभेदार काका पेपर वाचत होते. "वहिनी, बस बंद हायत." शुक्रवारी भाषेवरनं कंडक्टरला मारहाण झाल्याचं प्रकरण, मग तिकडं गाडीवर हल्ला, आणि कालपासून महाराष्ट्राच्या एसटी कर्नाटकात यायच्या बंद. मला शिनोळीहून बस मिळणार नव्हती. निघाले तरी. आधार कार्ड खिशात होतं.

नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. तुरमुरीला अक्कांचा फोन, कुठवर? निधान. ज्या चरात पडले होते तो ओळखू आला नाही. धुक्यात सगळं मोठं वाटलं असणार, तो गुडघाभरही खोल नव्हता. ऊसवाले ट्रॅक्टर कमी झालेत, रस्त्याच्या कडेला वाळलेली पाचट तेवढी.

बाचीत शेवटची कन्नड पाटी. शेण टाकायला निघालेल्या एका आजींनी विचारलं, "कुणाच्या मागं लागलीस गं?" त्यानंतर काही पावलांवर राज्य बदललं. शेताचा बांध तोच, पलीकडच्या टपरीवरचं मराठीही तसंच, "पळालीस काय?" फक्त दगडावरची अक्षरं वेगळी. पांढऱ्यावर काळं, चुना थोडा उडालेला. हात लावला. गार होता. एक तास सत्तावीस मिनिटं.

टपरीत चहा घेतला आणि चालत बाचीला परत. बाचीपासून आपल्या गाडीत बायकांना तिकीट फुकट आहे, शक्ती योजना. अलीकडं येऊन थांबलं की झालं. अर्ध्या तासानं आली. कंडक्टरनं घामेजलेला ड्रेस, बुटांवरची लाल माती बघितली.

"एल्लिगे, अक्का?"

"हिंडलगा."

शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात दिलं. "बेळगावातनं चालत आलासा काय?" मराठीत.

"पळत."

त्यांनी शेजारची पिशवी उचलून मला बसायला जागा करून दिली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

२. पायरी झाली, आठ किलो. तिकीट वहीत चिकटवलंय. नवे बूट कपाटावरनं काढून सुभेदार काकांच्या नातीला दिले, तिला बरोबर बसले.